अकरा शनिवार आणि एक अस्वल

२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.१०

आजपासून नवं आयुष्य. तीन दिवसांचं ऑनलाइन शिबिर काल संपलं. सार एवढंच, की दारात येणारा प्रत्येक रानटी जीव आपल्या नावाचं पत्र घेऊन आलेला असतो, आपणच ते फोडत नाही. मी चौतीस वर्षं आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीत टपाल फोडलं आहे. हे काम माझ्याइतकं नीट कोण करणार.

नवी मिसल, म्हणजे कचेरीच्या भाषेत फाइल, उघडली. रकाने आखले. तारीख, जीव, कोणत्या दिशेने आला, वर्तन, संदेश, केलेली कार्यवाही. शिबिरातल्या इतर बायका नुसतं 'फील' करतात. फील करून रेकॉर्ड राहत नाही.

निश्चय केले. रोज पहाटे बागेत ध्यान, तेही चष्म्याशिवाय, कारण बाहेरची नजर मिटली की आतली उघडते. अकरा शनिवार माकडांना केळी आणि शेंगदाणे. चिडचिड बंद, कायमची.

पहिली नोंद: मुंगूस, डावीकडून उजवीकडे. संदेश: शत्रूचा पराभव. कोणता शत्रू ते कळलं नाही. यादी करायला बसले तर पान पुरेना. कार्यवाही: प्रलंबित.

दुपारी दूधवाल्यावर चिडले. पण निश्चय सकाळचा आणि दूध दुपारी नासलं, तेव्हा ते धरायचं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

बाथरूममध्ये घोरपड. संदेश: चिकाटी. कार्यवाही: बाहेर चाळीस मिनिटं चिकाटीने उभी राहिले. शेवटी तीच गेली. शिबिराच्या ग्रुपवर विचारलं, यात विजय माझा की संदेशाचा. उत्तर म्हणून कुणीतरी कमळ पाठवलं.

लेकीचा, जान्हवीचा, हैदराबादहून फोन. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख कधी घ्यायची. मी सांगितलं, सध्या आतली नजर उघडते आहे, मध्ये खोळंबा नको. तिने विचारलं, ही ट्रीटमेंट कोणत्या डॉक्टरची. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मोठ्यांशी असं बोललं की सिस्टर अगाथा बाकावर उभं करत. हिलाही कॉन्व्हेंटमध्येच घातलं होतं. बाक बहुधा काढून टाकले.

६ नोव्हेंबर, बुधवार

माकडं आज बुधवारीही आली. भक्तीला वार नसतो. मोजून तेवीस. थोरल्या नराचं नाव महाराज ठेवलं. त्याने माझ्या हातून केळं घेतलं, सोललं, खाल्लं आणि साल परत माझ्या हातात दिलं. इतकी सभ्यता माझ्या सेक्शनमध्ये एकातही नव्हती.

साडेसहालाच सोजरबाई आली. माझ्या भिंतीला लागून तिचा अर्धा एकर. वांगी, टमाटे, पालक. माझे यजमान अनंतराव गेले त्या वर्षी मी भीमपूरला राहायला आले, तेव्हापासून ती रोज सात वाजता माझ्या ओट्यावर चहाला येते. बशीतून पिते. चार वर्षं मी तिच्यासमोर कपातून पिऊन दाखवते आहे, काही परिणाम नाही.

आज चहा न घेताच बोलली. म्हणे, कुमुदताई, माकडं तुमच्या हातचं खातात आन् हात पुसाले माह्या वांग्यात येतात. दोन दिवसांत बाजाराची दोन टोपली गेली, खाल्ली थोडी, चावून फेकली जास्त. केळी देणं बंद करा. मी तिला समजावून सांगितलं, की ते संदेशवाहक आहेत. ती म्हणाली, संदेश भेटला म्हना त्याइले, आता जाऊ द्या.

शिकलेल्या माणसाने शेजार कुठून आणायचा.

९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.३०

दुसरा शनिवार. पाट मांडला, केळी मांडली, महाराज येऊन बसले. मंगल वातावरण. तेवढ्यात भिंतीपलीकडून दिवाळीतल्या उरलेल्या फटाक्यांची अख्खी लड. महाराज माझ्या डोक्यावरून गेले. शब्दशः. केसांतली पिन निघाली.

मी भिंतीपाशी गेले. आवाज चढवला नाही, फक्त स्पष्ट ठेवला. म्हटलं, भाजीच्या पलीकडे तुम्हांला काही दिसतच नाही, सोजरबाई. मग तीही बोलली. हे जसंच्या तसं लिहून ठेवते, पुढे कामाला येईल.

"म्याडम, तुमाले तं भाजीबी दिसत नाही."

माझ्या डोळ्यांवर घसरली. आणि म्याडम. चार वर्षं मी कुमुदताई होते.

चहा बंद. तिचा, माझा नव्हे.

११ नोव्हेंबर, सोमवार

आदिलाबादला कचेरीत जाऊन दरखास्त दिली. विषय: फटाके फोडून वन्य जिवांचा छळ. साडेतीन पानं, सिस्टर अगाथांनी घोटून घेतलेल्या अक्षरात. काउंटरवरच्या पोराने विचारलं, ऑनलाइन का नाही केलं. मी म्हटलं, मी याच खोलीत बसत होते तेव्हा तुझ्या खुर्चीच्या जागी माठ होता. त्याने शिक्का मारला. नकल वन खात्यालाही दिली. मी म्हणजे काय ते कळू दे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सवयीने चहा दोघींचा टाकला. फेकणं पाप, म्हणून दोन्ही प्यायले. दिवसभर ॲसिडिटी.

विजेच्या तारेवर पिंगळा बसला होता. बराच वेळ माझ्याकडे एकटक बघत होता. संदेश: एकांत हेच सामर्थ्य. (जान्हवी म्हणते, फोटोत तारेवर अडकलेली काळी पिशवी दिसते. फोटोत आत्मा येत नाही, हे तिला कोण सांगणार.)

१६ नोव्हेंबर, शनिवार

विजय. वन खात्याचा माणूस येऊन सोजरबाईला तोंडी ताकीद देऊन गेला. फटाके फोडायचे नाहीत, गोफण चालवायची नाही. मी गच्चीतून ऐकत होते. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाफ्यात जाऊन बसली. मला वाटलं होतं, भांडेल.

संध्याकाळी भगवानराव भेटले. रिटायर्ड हेडमास्तर, मारुतीच्या देवळाचे सेक्रेटरी, गावातली प्रत्येक बातमी यांना आधी. म्हणाले, सोजरबाईचं ठरलं. हा हंगामही माकडांनी नेला, तर संक्रांतीला जमीन बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, द्यायची आणि नदीपलीकडे वणीला मुलाकडे, चंदनकडे, जाऊन राहायचं.

मी म्हटलं, उत्तम. पहाटे शांतता मिळेल.

वणीला तिला काय मानवणार. चंदनचं मोबाइलचं दुकान, वर दोन खोल्या. ही बाई मातीत हात घातल्याशिवाय जेवत नाही. पण तो तिचा प्रश्न.

जेवण गेलं नाही. वांगं नव्हतं ताटात, त्यामुळे असेल.

२० नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.०५

ध्यानावरून उठून थेट लिहायला बसले.

पहाटे ५.४०. धुकं इतकं की भिंत जेमतेम दिसत होती. चष्मा अर्थातच नाही. ध्यानात असताना पलीकडे काही हललं. डोळे उघडले. वांग्याच्या वाफ्यात अस्वल. काळंभोर, दोन पायांवर उभं. उंची सहा फूट तरी. सावकाश चालत बांधापर्यंत आलं. माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही. (पाय हलत नव्हते, ती वेगळी गोष्ट.)

मी हात जोडले. अस्वल क्षणभर थांबलं. मग त्याने एक पंजा वर केला, जसा आशीर्वाद देताना करतात, आणि धुक्यात गेलं.

शिबिरात सांगितलं होतं, की हजारात एका साधकाला महासंकेत येतो. भगवानरावांना गेल्या वर्षी देवळावर मोर दिसला तर त्यांनी फलक लावला. मोर. मोर कुणालाही दिसतो.

कार्यवाही: कुणालाही सांगायचं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जान्हवीला सांगितलं. तिने विचारलं, चष्मा होता का.

आजही आलं, अगदी वीस फुटांवर. निरीक्षणं लिहिते. जंगलातल्या जडीबुटीचा वास, थोडा डांबराच्या गोळीसारखा, थोडा मिसरीसारखा. थकल्यावर बांधावर बसतं आणि उजवा गुडघा चोळतं. वय झालेलं दिसतं. पाठ खाजवायला काहीतरी चकाकणारं वापरतं, वज्र असावं. मुख्य म्हणजे आज त्याच्या छातीतून घंटानाद झाला. आधी घंटा, मग टाळ, मग चक्क भजनाची चाल. अस्वलाने छातीवर दोन-तीनदा पंजा मारला तेव्हा थांबला. अनाहत नाद म्हणतात तो हाच. योग्यांना आयुष्य घालवून ऐकू येतो. मला रिटायर होऊन नऊ वर्षांत.

२३ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.००

माकडं आली नाहीत. आली होती, पण अस्वलाला बघताच पळाली. अर्थ उघड आहे. उच्च चेतना आली की चंचल मन पळतं. केळी मीच खाल्ली.

अस्वल बांधावर बसलं होतं. आमच्यामध्ये फक्त भिंत. गुरूपुढे मन मोकळं करायचं असतं, असं शिबिराच्या नोट्समध्ये आहे, पान चार. म्हणून केलं. केवळ नियम म्हणून. काय बोलले ते रेकॉर्डसाठी लिहिते, भावना वगैरे नाही.

सांगितलं, की माकडं माझ्याकडून उठून थेट वांग्यात जातात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गच्चीतून दिसतं. मी मिसलीत 'प्रस्थान: पूर्वेकडे' एवढंच लिहिलं. सांगितलं, की दरखास्त जिवांच्या दयेपोटी दिलेली नाही, रागापोटी दिली. डोळ्यांवरचं बोलणं लागलं होतं. सांगितलं, की चहा रोज दोघींचा टाकला जातो. आणि ती वणीला गेली, तर या गावात मला नावाने हाक मारणारं कोणी उरणार नाही. बाकी सगळ्यांसाठी मी म्याडमच आहे.

मग म्हटलं, चुकले. तिच्यापाशी म्हणता येत नाही, म्हणून तुमच्यापाशी म्हणते.

अस्वलाने पंजाने नाक पुसलं. त्यांना पहाटेची सर्दी होते, हे नवीन कळलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

भिंतीवर प्रसाद. सात वांगी, काटेरी, हिरवी-जांभळी, दहिवर अजून सुकलेलं नाही. वर मूठभर कोथिंबीर, दोऱ्याने बांधलेली. अस्वलाने ठेवली. दुसरं कोण ठेवणार. सोजरबाईशी तर बोलणं नाही.

जान्हवीला कळवलं. तिने विचारलं, अस्वल गाठ सरगाठीची मारतं की साधी. मी फोन ठेवला. गाठ पाहिली. सरगाठ होती.

वांगी भरून केली. अप्रतिम.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

भगवानरावांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ते पुन्हा मोरावर आले. बोलण्याच्या ओघात उंची सात फूट झाली असावी. नखांचंही काहीतरी बोलले. त्यांचा चेहरा पडलेला पाहून आनंद झाला. तो आध्यात्मिक आनंद होता.

संध्याकाळी गावात दवंडीसारखी बातमी. भगवानरावांनी वन खात्याला फोन केला. कापूस वेचायला बायका जायला तयार नाहीत. हेडमास्तर म्हणून यांनी चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, ऐकीव गोष्ट पुढे सांगू नये.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वन खात्याचा बीट ऑफिसर आला. पंचविशीतला, तेलुगू, हिंदी बरं बोलतो. वाफ्यात वाकून बराच वेळ ठसे पाहिले. म्हणाला, मॅडम, इथे तर फक्त स्लिपरचे ठसे आहेत. मी म्हटलं, लोक येऊन तुडवून जातात, पुरावा कसा राहणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चष्म्याकडे, जो खिडकीत होता. शनिवारी पहाटे जाळी घेऊन येतो म्हणाला. मी त्याला इंग्रजीत बारा मिनिटं विरोध केला. वन्य जिवाला कैद म्हणजे काय, ते समजावलं. तो म्हणाला, ओके मॅडम.

सोजरबाई घरी नव्हती. बाजाराला गेली होती. म्हणजे माल निघतो आहे. अस्वल आल्यापासून एकही वांगं गेलेलं नाही, असं भगवानराव सांगत होते. माझ्या साधनेचा लाभ तिलाही मिळाला. ती काही मानणार नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार. दुपारी २.००

आता शांतपणे लिहिते.

पहाटे पाचला भिंतीशी चौदा माणसं. काठ्या, देवळातला ढोल, दोन मशाली. भगवानराव सगळ्यांत मागे, पण सगळ्यांत मोठ्याने. बीट ऑफिसर जाळी घेऊन, त्याला कुणी विचारत नव्हतं. धुकं नेहमीचंच.

५.४० ला अस्वल आलं. वाफ्याच्या मधोमध. ढोल वाजला, माणसं काठ्या उगारून बांध चढली.

मी कशी गेले ठाऊक नाही. या भिंतीवर मी चार वर्षांत कधी चढले नव्हते. साडी फाटली. वांगी तुडवत गेले, अस्वलाच्या पुढे उभी राहिले, दोन्ही हात पसरले. म्हटलं, पहिली काठी मला मारायची. हे माझे गुरू आहेत. यांना हात लावलात तर एकेकाची दरखास्त करीन, साडेतीन पानांची.

ढोल थांबला. गावाला दरखास्त माहीत आहे.

मागून अस्वलाने माझा दंड घट्ट धरला. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालं,

"ताई, कोनीकडे हाय वं अस्वल?"

मी सांगितलं, तुम्हीच. मग वळले. अस्वलाने मुंडकं काढलं. आत सोजरबाई, घामाने भिजलेली, कपाळावर कुंकू पसरलेलं.

काहींना हसू आवरेना, बीट ऑफिसर वाफ्यातच बसला. हळूहळू उलगडा झाला तो असा. फटाके बंद, गोफण बंद, तेव्हा चंदनने वणीहून सुचवलं, की माकडं अस्वलाला भितात, कुठकुठे शेतकरी अस्वलाचा पोशाख घालून राखण करतात. त्याने नागपूरच्या एका नाटकवाल्याकडून हा आणून दिला. हातात विळा, कारण एरवीही असतो. छातीत मोबाइल, कारण पोशाखाला खिसा नाही. मंगळवारपासून गावात बोंब, की खरं अस्वल फिरतं आहे, सात फुटी. ती घाबरली. पण माल काढायचा होता. मग तिने विचार केला, पोशाख घालूनच जावं, अस्वल अस्वलाले काय करंल. सात फुटी अस्वल म्हणजे आपणच, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ती पाच फूट एक इंच आहे.

भगवानरावांनी संधी साधली. सगळ्यांसमोर विचारलं, काय म्याडम, दहा दिवस तुमच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, अर्थात आलं होतं. पहिल्या दिवसापासून.

मला वाटलं, आता सोजरबाई फजिती करणार. तिला हक्कच होता. पण ती माझ्याकडे बघून, अगदी खात्रीने, म्हणाली,

"ठावं व्हतंच तं त्याइले. नाहीतं अस्वलाची कोनी माफी मागते का?"

तिने पुढे सांगितलंच, थांबवणार कोण. म्हणे, तोंडावर मागाले लाज वाटते शिकलेल्या मानसाले, मी समजलो नं. म्हनून मी बी वांगे ठेवले, बोललो नाही.

मी फाटलेला पदर सारखा केला. धुक्याने डोळ्यांना पाणी येतं, मोतीबिंदू असला की जास्त.

१ डिसेंबर, रविवार

काल घाईत लिहिलं, म्हणून खुलासा. मला खरोखरच अंदाज होता. सरगाठ पाहिली तेव्हाच. त्याआधी मिसरीचा वास. मिसलीत कुठे लिहिलेलं नाही, कारण गुप्त नोंदी लिहायच्या नसतात.

मिसलीतल्या २० ते २८ नोव्हेंबरच्या नोंदींमध्ये 'अस्वल' शब्दावर रेघ मारून वर 'सो.' लिहिलं. 'उच्च चेतना'चं काय करायचं ते ठरत नाही. तसंच ठेवलं.

सकाळी सात वाजता सोजरबाई ओट्यावर. बशी मागितली. दिली. कालच्या प्रकाराबद्दल दोघीही बोललो नाही. तिने सांगितलं, की मिरचीची रोपं सांगून ठेवली आहेत, फेब्रुवारीत लावायची. मी विचारलं, वणीचं काय. ती म्हणाली, चंदनले सांगतलं, आता नाही येत, इथं माहं मानूस हाय. माणूस कोण, ते विचारलं नाही.

जान्हवीकडून ऑपरेशनची तारीख घेतली, बारा डिसेंबर. तिच्या आग्रहामुळे. ती कारणं विचारत होती, मी दिली नाहीत.

एक अडचण झाली आहे. मला पहिल्यापासून ठाऊक होतं असं मी चौदा माणसांसमोर म्हटल्याने सोजरबाईने अनुमान काढलं, की पोशाखाची योजना मला पसंत आहे. तिचा गुडघा सुजला आहे. पोशाख नाटकवाल्याला परत द्यायला अजून दहा दिवस आहेत. बुधवारी माझी पाळी.

नाही कसं म्हणणार. हो म्हटलं, मोठ्या मनाने. निश्चय: कलेक्टर कचेरीत चौतीस वर्षं बावीस कारकुनांना धाकात ठेवलं, तेवीस माकडं म्हणजे काय.

४ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९.१५

५.३० ला पोशाख चढवला. आत बोकडाच्या गोठ्यासारखा वास. सोजरबाईने पाठीमागची चेन ओढून लावली. गुरगुरायचं कसं ते शिकवलं. पोटातून, म्हणे, घशातून नाही. ती काठी टेकत बांधावर जाऊन बसली.

५.५० ला माकडं आली. मी पोटातून गुरगुरले. थांबली. हात वर केले. सगळी दोन पावलं मागे. सगळं योजनेप्रमाणे. मग मी, अधिक परिणामासाठी, इंग्रजीत दरडावलं.

तिथे चुकलं. केळी वाटताना मी याच आवाजात 'वन बाय वन' म्हणत असे.

महाराजांनी मान तिरकी केली. सरळ चालत आले. माझा पंजा दोन्ही हातांत धरला, उघडून आत पाहिलं, रिकामा. मग दुसरा पाहिला. मग समोर बसले आणि हात पुढे केला. त्यांच्या मागे बाकीची बावीस, ओळीने, बसली. वन बाय वन.

बांधावर सोजरबाई हसून हसून आडवी झाली. श्वास लागला तिला. मग म्हणाली, तुमच्याच्यानं अस्वल होत नाही ताई, पन माकडं तुमच्यामागं येऊन राह्यलीत, तं त्याइले घेऊनच जा ना नाल्यापल्याड. तिकडं उंबराचं रान हाय, खातील तिथं.

विचार वाईट नव्हता. माझाच होता, ती आधी बोलली. केळी घेतली, निघाले. चेन अडकली होती, त्यामुळे तशीच. रस्त्याने पुढे अस्वल, मागे तेवीस माकडं, दोन-दोनच्या रांगेत. भगवानराव देवळाच्या पायरीवर दात घासत होते. घासायचे थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुंडक्यातून बाजूचं दिसतही नाही.

मान्य करायला हवं, छाती भरून आली होती. रानातले जीव एखाद्याच्या मागे असे चालतात, ते उगीच नव्हे. नाला आता शंभर पावलांवर.

तेवढ्यात आदिलाबादची बस आली. माणसं खिडक्यांतून वाकली, फोन काढले. कुणीतरी भाजलेल्या शेंगांचा पुडा बाहेर फेकला. महाराज बसच्या टपावर. मग बाकीची. बस सुरू झाली. महाराजांनी मागे वळूनही पाहिलं नाही. तेवीसच्या तेवीस, भीमपूर सोडून, माझ्या डोळ्यांदेखत गेली.

मी रस्त्यावर एकटी, हातात डझनभर केळी, आत घाम. बसायला गेले तर उठता येईना.

सोजरबाई आली लंगडत, विळा घेऊन. चेन निघाली नाहीच. शेवटी पाठीमागून कापायला घेतलं. नाटकवाल्याला काय सांगायचं ते तिने ठरवलेलं नाही, मला विचारत होती, ताई, दरखास्त लिहाल का. आणि हसत होती. सबंध वेळ. विळा माझ्या मणक्यापाशी आणि ही हसते आहे.

हसताना विळा चालवू नये, हे तिला उद्या सकाळी स्पष्ट शब्दांत सांगणार आहे.